पत्र्यामागचा आवाज

कारटेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते: ५० वॉट × ४. दुकान डहाणू रोडच्या बाजारातले असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे, गिऱ्हाईक आधी हा आकडा वाचते आणि दुकानदारही आधी त्यावरच बोट ठेवतो. चार स्पीकर, प्रत्येकी पन्नास, म्हणजे दोनशे वॉट. एवढ्या पैशांत दोनशे वॉट मिळत असतील तर आणखी काय हवे?

मिळत मात्र नाहीत. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन सुरू असले की अल्टरनेटरमुळे हा दाब चौदा-साडेचौदा व्होल्टांपर्यंत चढतो. कारटेपच्या आतल्या अँप्लिफायरच्या चिपला तेवढ्यातच भागवावे लागते. स्पीकर साधारणपणे चार ओहमचा. आता १४.४ चा वर्ग करा आणि चाराने भागा. उत्तर येते ५१.८. खोक्यावरचे पन्नास वॉट इथून येतात. हा हिशेब खरा व्हायचा तर चिपने सगळे व्होल्ट सगळा वेळ स्पीकरवर लादायला हवेत. म्हणजे गाण्याची गोलाईदार लहर जाऊन तिथे चौकोनी ठोकळे येतील. गायक कितीही गोड गळ्याचा असो, तेव्हा जे ऐकू येते त्याला आपल्याकडे ‘आवाज फाटला’ म्हणतात. न फाटता मिळणारी शक्ती दर स्पीकरमागे पंधरा ते बावीस वॉटच्या घरात असते. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक काढले ते ही फुगवाफुगवी थांबवण्यासाठीच. दाब १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा आणि आवाजातली विकृती एक टक्क्याच्या आत, अशा अटींवर मोजलेला आकडाच खरा मानायचा. प्रामाणिक कंपन्या तो छापतातही, पण माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, बारीक टायपात.

गंमत अशी की वीस वॉटसुद्धा थोडे नसतात. चांगला डोअर स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर सुमारे नव्वद डेसिबल आवाज देतो. त्याला वीस वॉट दिले तर तो शंभरी ओलांडतो. बंद गाडीत इतका आवाज फार वेळ सहन होणार नाही. मग डहाणू-चारोटी रस्त्यावरून जाणाऱ्या कित्येक गाड्यांत गाणे गाण्यासारखे का वाटत नाही? शब्द नाकातून आल्यासारखे, ढोलकीचा नुसता खटखटाट, आणि आवाज वाढवला की दाराची खडखड. या प्रश्नाचे उत्तर खोक्यात सापडत नाही. ते दाराच्या पत्र्यामागे असते.

*

कमी किमतीच्या गाड्यांत म्युझिक सिस्टिम कंपनीकडून येत नाही, किंवा आली तरी नावापुरती असते. प्रवासी वाहतुकीसाठी घेतलेली इको असो, बागायतदाराची बोलेरो असो, की हप्त्यांवर घेतलेली जुनी वॅगनआर. सिस्टिम बाजारातून बसवली जाते, बहुधा तासा-दीड तासात. जुना कपलर काढायचा, नवा जोडायचा, दाराची पट्टी उघडायची, चार स्क्रूंवर स्पीकर कसायचा आणि पट्टी परत दाबायची. पत्र्याकडे कोणी बघतही नाही.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर पुढे जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागेही फेकतो, पण उलटा. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या स्वरांवर याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून बासरी ऐकू येते आणि तबल्याचा डग्गा हरवतो. दारातला आतला पत्रा सलग नसतो. काचेची यंत्रणा बसवण्यासाठी त्याला हाताचा पंजा जाईल एवढी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. मागचा आवाज त्या भोकांतून सरळ पुढे येतो. नवा स्पीकर कितीही महाग घ्या, दार असे उघडे असेल तर त्याचा अर्धा जन्म स्वतःलाच खोडण्यात जातो.

उपाय ओबडधोबड आहे आणि त्यात वॉटचा काही संबंध नाही. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर आतून डँपिंग शीट चिकटवायची. ही ब्यूटाइल रबराची जड पट्टी असते, एका बाजूला अॅल्युमिनियमचा वर्ख. पत्रा थरथरला की रबर त्या थरथरीचे उष्णतेत रूपांतर करते. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मधला, वाजणारा भाग झाकला तरी फरक पडतो. त्यापेक्षा महत्त्वाचे आतल्या पत्र्यावरची भोके बुजवणे, म्हणजे स्पीकरचा मागचा आवाज दारातच कोंडला जातो. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची किंवा रबराची कडी द्यायची. काच खाली केल्यावर ती स्पीकरच्या चुंबकावर आदळत असेल तर मध्ये स्पेसर घालायचा. दाराच्या पट्टीच्या ज्या क्लिपा काढताना तुटल्या त्या नव्या लावायच्या, नाहीतर खडखड तिथूनच सुरू होते.

डहाणूसारख्या किनाऱ्यावरच्या तालुक्यात आणखी एक पथ्य आहे. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या आतूनच खाली जाते आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. उत्साहाच्या भरात शीट लावणाऱ्याने ती भोकेही बुजवली तर पाणी आत साचते आणि दार खालून सडू लागते. डहाणू, चिंचणी, बोर्डी या पट्ट्यात खारी हवा आधीच लोखंडाच्या मागे लागलेली असते. याच कारणासाठी इथे कागदी पडद्यापेक्षा पॉलीप्रॉपिलीनचा पडदा आणि फोमऐवजी रबराची कड असलेला स्पीकर बरा. फोम काही पावसाळ्यांत भुगा होऊन गळतो, कागद ओल धरतो. प्रयोगशाळेत कागदाचा पडदा कदाचित जास्त गोड वाजत असेल. दाराच्या आत मात्र प्रयोगशाळा नसते.

डँपिंगचे काम दुकानदाराला फारसे आवडत नाही, हेही खरे. त्यात वेळ जातो, हात चिकटतात, आणि काम झाल्यावर दाखवायला काही राहत नाही. नवी टचस्क्रीन शेजाऱ्याला दाखवता येते. पत्र्यावरचे रबर दाखवायचे तर दार उघडावे लागेल.

*

गाडीतल्या आवाजाची दुसरी लढाई रस्त्याशी असते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८ आणि आताचा ४८, मनोर, चारोटी, तलासरी करत आच्छाडला गुजरातच्या हद्दीला भिडतो. खड्ड्यांवर उपाय म्हणून पालघर जिल्ह्यातल्या या पट्ट्यावर अलीकडे काँक्रीटचा थर चढवला गेला. व्हाइट टॉपिंग म्हणतात त्याला. खड्डे कमी होतात, पण टायरचा आवाज डांबरापेक्षा काँक्रीटवर जास्त होतो आणि सांध्यांवर गाडी ताल धरते. ताशी ऐंशीच्या वेगाला छोट्या गाडीच्या आत सत्तर डेसिबलच्या आसपास गोंगाट सहज असतो, आणि त्यातला मोठा वाटा खालच्या स्वरांचा. हा गोंगाट गाण्यातल्या खालच्या स्वरांवर नेमका बसतो. उभ्या गाडीत ऐकलेला बेस चारोटीच्या टोलनाक्यापलीकडे गायब होतो तो यामुळे.

माणूस अशा वेळी आवाज वाढवतो. तीन डेसिबल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. याउलट दार आणि चाकावरची कमान यांना शीट लावून गोंगाट तीन डेसिबलनी कमी झाला तर दुप्पट वॉट फुकट मिळाल्यासारखेच. नव्वद डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर सत्त्याऐंशीच्या जागी लावला तरी हिशेब तोच. खोक्यावर ‘कमाल ३०० वॉट’ लिहिलेल्या स्पीकरपेक्षा संवेदनशीलतेची ही एक ओळ वाचून घेतलेला स्पीकर कारटेपच्या वीस वॉटवर जास्त मोकळा वाजतो. कमाल वॉट म्हणजे स्पीकर किती सोसू शकतो त्याचा आकडा. तो किती देतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

*

वीज नसताना आवाज मोठा कसा करायचा, हे डहाणू तालुक्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. वारली पाड्यांवर भात कापणीच्या दिवसांत वाजणारा तारपा हे त्याचे जिवंत उदाहरण. सुकवलेल्या दुधी भोपळ्यात फुंकर भरायची. त्याला मेणाने जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्यांत जिभल्या असतात, त्या कंप पावतात. आणि टोकाला ताडाच्या पानांचा, पुढे रुंद होत जाणारा कर्णा. वाद्य वाजवणाऱ्याच्या उंचीला टेकेल इतके लांब असू शकते. जिभलीचा स्वतःचा आवाज किरकिरा आणि लहान. पण बारीक नळीतली दाबलेली हवा आणि बाहेरची मोकळी हवा यांच्यात कर्णा सांधा जुळवतो, आणि तोच आवाज शेतापलीकडे पोचतो. ध्वनिशास्त्रात कर्णा-स्पीकर याच तत्त्वावर चालतो. सिनेमागृहांतले आणि सभांतले भोंगे त्याचेच भाऊबंद.

तारपा वाजवणारा गोलाच्या मधोमध असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती वळसे घेतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पांढऱ्या रंगात तो वळसा कागदावर आणि कापडावर उतरवला आणि वारली चित्रकला जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वर्तुळात आणि गाडीत एक महत्त्वाचा फरक आहे. तारप्याभोवती सगळे साधारण सारख्या अंतरावर असतात. गाडीत कोणीच मधोमध बसत नाही.

आपल्याकडे चालक उजवीकडे. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, डावा पलीकडच्या टोकाला. दोन्हींच्या अंतरात चाळीस सेंटिमीटरचा फरक धरला तर आवाजाच्या ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने डावा आवाज एक मिलिसेकंदाहून थोडा उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने कान फसतात. गायिका डॅशबोर्डच्या मध्यभागी उभी राहायची ती चालकाच्या उजव्या गुडघ्यावर येऊन बसते. यावर इलाज म्हणजे जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावणे. पूर्वी हे महागड्या यंत्रांचे काम होते. आता मध्यम किमतीच्या कारटेपच्या मेन्यूतही ‘टाइम अलाइनमेंट’ किंवा ‘लिसनिंग पोझिशन’ असते. सेंटिमीटरमध्ये अंतरे भरायची, बस्स. मोजपट्टीखेरीज काही लागत नाही, आणि तरीही हा मेन्यू बहुतेक गाड्यांत कधीच उघडला जात नाही. डाव्या बाजूच्या प्रवाशाला या सोयीचा तोटा होतो. चालकाने गाणे ऐकायचे की पाहुण्याने, हा घरगुती प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवलेला नाही.

*

गाडीत गाणे रुजू लागले ते १९३० मध्ये, शिकागोच्या गॅल्विन कंपनीच्या रेडिओबरोबर. मोटारीतला व्हिक्ट्रोला (म्हणजे ग्रामोफोन) अशा अर्थाने त्याचे नाव ठेवले मोटोरोला, आणि पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि काही वर्षांत ती गाडीत शिरली. आपल्याकडे ट्रकच्या केबिनीत आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये कॅसेटने जे राज्य केले ते आजही कानांत आहे. मागच्या काचेखाली पार्सल ट्रेवर ठेवलेले सहा-नऊ इंची ओव्हल स्पीकर ही त्या काळाची देणगी. गाणे मानेमागून यायचे, तरी कोणाची तक्रार नव्हती. आजही अनेक जण सवयीने आधी मागचे ओव्हल बदलतात. पैसे मोजकेच असतील तर ते पुढच्या दोन दारांवर घालावेत. मैफलीत गवयाकडे पाठ करून कोणी बसत नाही.

गाडी हीच ऐकण्याची खोली मानून तिच्यासाठी सिस्टिम घडवायची, ही कल्पना रुजवली अमर बोस यांनी. वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक, मुलगा एमआयटीत प्राध्यापक. जनरल मोटर्सबरोबर त्यांच्या कंपनीने १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांसाठी त्या त्या गाडीच्या आतल्या भागाचे मोजमाप घेऊन सिस्टिम बनवली. काच आवाज परतवते, सीट शोषते, छप्पर डोक्याला टेकलेले. हे सगळे हिशेबात धरून. आज तेच काम आपल्या दाराशी चालते. टाटाने २०१४ च्या झेस्टपासून हरमनची सिस्टिम घेतली, आणि हरमनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्याही चाकणच्याच, सोळा स्पीकरच्या आणि ए. आर. रहमान यांनी रचलेल्या ध्वनींच्या. विजेच्या गाडीत इंजिनाची घरघर नसते. सगळे शांत झाले असे वाटते, पण मग टायर आणि वारा जास्त ऐकू येऊ लागतात. आवाजाच्या माणसाला सुट्टी नाही.

*

पन्नास नाहीत, वीस वॉटही पुरतात हे एकदा पटले तरी बेसची भूक राहतेच, आणि त्यात गैर काही नाही. पन्नास हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. साडेसहा इंची डोअर स्पीकरला ती हलवणे झेपत नाही. त्याला तसे करायला लावले की बाकीचे गाणेही चिरडते. म्हणून सबवूफर, ज्याला इथले लोक बफर म्हणतात, किंवा आडवी बेस ट्यूब. ती बसवली की डोअर स्पीकरवरचा खालचा भार कापायचा: कारटेपमध्ये ‘एचपीएफ’ नावाची सोय असते, तिथे ऐंशी हर्ट्झ ठेवायचे. एवढ्याने डोअर स्पीकर मोकळा श्वास घेतो. गाडीची बंद केबिन अगदी खालच्या स्वरांना स्वतःहून उचलून धरते, त्यामुळे घरी लागेल त्याहून लहान बफर गाडीत पुरतो.

इथून पुढे वायर हा गंभीर विषय होतो. बाहेरचा अँप्लिफायर आतल्या आत व्होल्ट वाढवून काम करतो आणि बॅटरीतून तीस-चाळीस अँपिअर सहज ओढतो. स्वस्त वायरिंग किटमधली जाड वायर बऱ्याचदा आतून अॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. अॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीज वाहून नेते. तेवढ्याच जाडीची वायर गरम होते, आणि खाऱ्या हवेत तिची टोके लवकर पांढरी पडतात. चाकूने खरवडून बघितले तर कळते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अँप्लिफायरजवळ लावला तर अँप्लिफायर वाचेल, पण मधली दहा-बारा फूट वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर ती पेटेपर्यंत कोणी थांबवणार नाही. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. आणि सिग्नल नेणारी आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने, पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने. नाहीतर अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू येते आणि दोष विनाकारण स्पीकरला लागतो.

अँप्लिफायरवरची ‘गेन’ची कळ बहुतेक जण आवाजाची कळ समजून पुरी फिरवतात. ती कारटेपकडून येणारा सिग्नल आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी आहे. कारटेप तीनचतुर्थांश आवाजावर ठेवून, इक्वलायझर सपाट करून, गेन हळूहळू वाढवायची आणि आवाज फाटायला लागला की किंचित मागे यायचे. ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर, जळतात ते बहुतेकदा फाटलेल्या आवाजाने. मोठ्या अँप्लिफायरने जळणारे त्यामानाने कमी.

एक तपासणी सेलने होते. स्पीकरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. अधिकाला अधिक जोडला तर पडदा बाहेर येतो. एका दारात बाहेर आणि दुसऱ्यात आत जात असेल तर कुठेतरी तारा उलट्या आहेत. घाईत बसवलेल्या सिस्टिममध्ये ही चूक नवलाची नाही, आणि ती सुधारल्यावर नाहीसा झालेला बेस एका क्षणात परत येतो.

गाणे कुठून येते हेही बघावे लागते. व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत आलेली, दर वेळी दाबून लहान झालेली फाइल कोणताही स्पीकर सावरू शकत नाही. ब्लूटूथपेक्षा केबल किंवा पेनड्राइव्ह सरस, आणि फोनवरच्या गाण्याच्या अॅपमध्ये दर्जा ‘हाय’ केलेला हवा. यासाठी दुकानात जावे लागत नाही.

*

मग रस्त्यावरचा दणका. लग्नसराईत पिकअपवर रचलेले डीजेचे बॉक्स आणि काही तरुणांच्या गाड्यांतले बफर यांची आता स्पर्धाच लागलेली असते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. खालचे स्वर भिंती ओलांडतात. गाडीच्या आत शंभर डेसिबलचे गाणे बाहेरच्याला नुसता धडधडाट म्हणून पोचते. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान धक्के महिनोन्‌महिने बसत राहिले, जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा आणि लोक थंडीत घराबाहेर झोपायचे. अशा गावातून रात्री खिडक्या थरथरवत जाणारी गाडी हा नुसता डेसिबलचा प्रश्न राहत नाही.

आत बसलेल्याच्या कानांचाही हिशेब आहे. पंच्याऐंशी डेसिबल दिवसाला आठ तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. दिवसभर डहाणू ते तलासरी खेपा मारणाऱ्या चालकाला ही पंधरा मिनिटे सकाळच्या पहिल्या खेपेतच संपतात.

*

दुकानांचा धंदाही बदलतो आहे. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुका म्हणून १९९१ मध्ये केंद्राने डहाणूत उद्योगांवर बंधने घातली आणि शेजारी, गुजरातच्या हद्दीपलीकडे वापी मात्र कारखान्यांनी फुलत गेली. बाजार जिकडे मोठा तिकडे निवड जास्त. म्हणून मोठे काम वापीला किंवा मुंबईला आणि दुरुस्ती इथे, अशी विभागणी स्वाभाविक आहे. पण नव्या गाड्यांत कारटेप काढायची सोयच राहिलेली नाही. स्क्रीनमध्ये एसी, मागचा कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज सगळे एकत्र. वायर कापली तर वॉरंटीवरून वाद. त्यामुळे कंपनीची स्क्रीन तशीच ठेवून स्पीकरच्या वायरवरून सिग्नल उचलणारे डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारे डबे, आता विकले जातात. त्यातही एक मेख आहे. कित्येक कंपन्या स्वतःचे स्वस्त स्पीकर वाचवण्यासाठी आवाज वाढत जाईल तसा बेस गुपचूप कमी करतात. नवा बफर त्या कापलेल्या सिग्नलवर जोडला की मालक म्हणतो, हळू आवाजात छान वाजतो, मोठा केला की दम जातो. मायक्रोफोन आणि लॅपटॉप लावून आधी तो सिग्नल मोजावा लागतो, सपाट करावा लागतो आणि मग प्रत्येक स्पीकरचा वाटा ठरवावा लागतो. पेचकस आणि टेस्टर घेऊन तासाभरात गाडी सोडणाऱ्या कारागिराला हे नव्याने शिकायचे आहे, आणि गिऱ्हाइकाला या कामाची मजुरी स्पीकरच्या किमतीइतकी का, हे समजून घ्यायचे आहे.